वाटेतले कुलूप

ग्वाल्हेरातल्या आमच्या दोन मराठी मंडळांचे विलीनीकरण झाले ते काही प्रेमापोटी नव्हे. दोन्हीकडे आरतीला टाळ धरायला माणसे उरली नव्हती. एक मंडळ दाना ओली या जुन्या वस्तीतले, दरबारात कारकुनी आणि पौरोहित्य केलेल्यांच्या वंशजांचे. दुसरे फौजेतल्यांच्या वंशजांचे. दरबार गेला, फौज गेली, आता सगळेच विमा आणि बँकांत नोकऱ्या करतात. ऐट मात्र शाबूत आहे. संस्थान विलीन होताना झाली नसेल एवढी घासाघीस आमच्यात झाली. शेवटी अध्यक्ष दोन ठेवले आणि एक नियम केला: मंडळाकडे येणारा प्रत्येक कागद दोन्ही बाजूंसमोर उघडायचा आणि मोठ्याने वाचायचा. त्यामुळे आमच्या बैठकीत विजेचे बिलसुद्धा खणखणीत आवाजात वाचले जाते आणि लोक माना डोलावतात.

मी सिटी सेंटरमधल्या बँकेत संगणक सांभाळतो, म्हणून मंडळाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. तिच्यावर वधूवर नोंदणी होती. मला तिची काळजी होती ती धाकट्या बहिणीमुळे. तिच्या घटस्फोटाला बरीच वर्षे झाली होती. नवरा मारायचा, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. गल्लीत तिने "पटलं नाही" एवढेच सांगितले होते. आता पुन्हा लग्नाचा विचार तिने मोठ्या मुश्किलीने मनावर घेतला होता. अर्जात आधीचे लग्न का मोडले असा रकाना होता, आणि तिला तिथे खोटे लिहायचे नव्हते.

"दादा, बस एवढं सांग, मधे कोणी वाचणार तर नाही?"

"साइटला कुलूप लावतो, मग भर," मी म्हणालो.

हे कुलूप म्हणजे एक प्रमाणपत्र. ते असले की पाठवलेला मजकूर वाटेत कुणालाही न कळणाऱ्या गिचमिडीत जातो आणि मुक्कामी पोचल्यावरच पुन्हा वाचता येतो. प्रमाणपत्र फुकट मिळते आणि काम चहा निवेपर्यंत होते. पण आमच्या मंडळात बैठकीशिवाय खिळाही ठोकत नाहीत.

"हे देणार कोण?" दरबारी अध्यक्षांनी विचारले. त्यांच्या दिवाणखान्यात पणजोबांची सनद काचेत लावलेली आहे. मी परदेशातल्या एका संस्थेचे सांगितले.

"त्यांना आपल्या खानदानाची काय माहिती?"

"खानदान नाही बघत. साइटचा पत्ता आपल्याच ताब्यात आहे की नाही, तेवढं तपासतात."

एवढ्यावर कुणी सनद देते हे त्यांना फारच हलके वाटले. फौजी अध्यक्षांचा राग वेगळा होता. तीन महिन्यांनी संपते ते कसले प्रमाणपत्र? ते आपोआप नवे होते, हे त्यांना पटेना. मग दोन्ही मंडळांच्या जुन्या साइटचे पत्ते एकाच प्रमाणपत्रात घालायचे तर आधी कुणाचा, यावर पुढच्या बैठका गेल्या. अखेर चिठ्ठी टाकली. प्रमाणपत्राची छापील प्रत फ्रेम करून सभागृहात लावली आणि दसऱ्याला तिला हारही घातला. तिची मुदत कधीच संपली आहे, पण ती अजून तिथेच आहे.

पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह उमटले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. बहिणीने त्याच संध्याकाळी अर्ज भरला. तो रकाना तिने बराच वेळ घेऊन लिहिला.

पुढच्या बैठकीत चिटणिसांनी विजेचे बिल वाचले. मग दुसरा कागद उचलला. "वेबसाइटवरून आलेला अर्ज, एक," असे म्हणून त्यांनी माझ्या बहिणीचे नाव वाचले.

मी उठलो. "तो खासगी आहे."

"आलेला कागद तो आलेला कागद," चिटणीस म्हणाले. "नियम तुमच्यासमोरच झाला होता."

दोन्ही अध्यक्षांनी मान डोलावली. विलीनीकरणानंतर त्यांचे एकमत झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. फौजी अध्यक्षांनी तर माझे कौतुक केले. "कुलूप पक्कं लावलंय तुम्ही. कागद मधे कोणी फोडला नाही बिलकुल."

चिटणीस वाचतच होते. मी खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचलो आणि कागद हिसकावला, तोवर तो रकाना वाचून झाला होता. मागे कुणीतरी चुकचुकले. चिवड्याची बशी फिरतच होती. मला त्या सगळ्यांची शिसारी आली.

घरी येऊन मी बहिणीला सगळे सांगितले. ती शाळेच्या वह्या तपासत होती. ऐकताना तिचे पेन थांबले, मग पुन्हा चालू लागले.

"म्हणजे मधे तर कोणी नाही वाचलं," ती म्हणाली. "तुझं काम तू बरोबर केलंस, दादा."

तिने टोमणा मारला असता तर मला सोसले असते. ती माझी समजूत घालत होती.