मोटारीखाली शिरलेले साहेब

आमचे हे मोटार बैलगाडीसारखी हाकायचे. ती वर्षाकाठी कशाला तरी धडकायचीच, आणि नुकसान बघायला विमा कंपनीचे तेच साहेब हैदराबादेहून यायचे. पांढरी शेरवानी, बोलणं तोकडं. चहाला हात लावायच्या आधी मोटारीभोवती फिरायचे आणि बजावायचे, "जे दिसतं तेच लिहितो."

एकदा राजूरच्या रस्त्यावर मोटार बाभळीवर आदळली. "भरपाई न्हाई मिळाली तर मोटार विकून टाकीन," असं मामंजींनी सांगून टाकलं. मी तेव्हा नवी सून, अकलेची पुतळीच! साहेबांसारखे पाहुणे येणार आणि घरची मोटार पोचे पडलेली? मी तांबटाला बोलावून सगळे पोचे ठोकून घेतले, वर हळदीकुंकू लावून हार घातला.

साहेब दोनदा फिरले. "आता काय लिहू? मोटार तर नवरीवानी सजून बसली."

दाराआडून सासूबाई कडाडल्या, "हिचं कामच असं! झाडू वरवर मारते, पलंगाखाली कधी वाकून पाहत न्हाई!"

साहेब थबकले. टोपी ओट्यावर ठेवली आणि शेरवानीसकट मोटारीखाली शिरले. बाहेर आले ते काळेकुट्ट होऊन, पण हसत.

"बराबर बोलल्या, अम्मा. वरून चकाचक, खाली चाकावरची कमान, स्प्रिंग हो, तुटून लोंबून राह्यली. तिथं सूनबाईंचा बिलकुल हात लागला न्हाई!"

भरपाई मिळाली, मोटार राहिली. त्यानंतर पलंगाखाली झाडायला कुणी सांगितलं, की मी नुसतं मोटारीकडं बोट दाखवायची.