दिनकरकाका आणि डावीकडे झुकणारा स्टँड

आमच्या घरात ज्यांना कायम चोरच म्हटलं गेलं, ते दिनकरकाका आज सकाळी साताऱ्यात वारले.

फोन आला तेव्हा वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. पुन्हा खाली ओढलं. आज वेल्डिंग बंद.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीत सायकलचे स्टँड बनवायचे. काका नात्यातले नव्हते, धंद्यातले; साताऱ्यात तेच करायचे.

आमच्याकडची काळी माती. गवळ्यानं दुधाचे कॅन लावून सायकल उभी केली, की स्टँड रुतायचा आणि सायकल आडवी.

अण्णांनी स्टँडच्या दोन्ही पायांना खाली पत्र्याच्या रुंद टाचा वेल्ड केल्या. साधीच गोष्ट, पण आधी कुणाला सुचली नव्हती. पार कवठे महांकाळपर्यंत माल जायला लागला.

दोनच महिन्यांत साताऱ्याहून सेम टू सेम स्टँड मार्केटमध्ये हजर.

अण्णांनी तो घरी आणला, उलटासुलटा करून बघितला आणि पोट धरून हसत सुटले. आमच्या पहिल्या मालात माप चुकून डावा पाय बोटभर आखूड राहिला होता. सायकल डावीकडे झुकायची. काकांनी तेसुद्धा जसंच्या तसं उचललं होतं.

"गड्यानं माझी चूकबी सोडली न्हाई."

मग अण्णांनी मोठ्या ऐटीत पाय सारखे केले. तर गवळीच भांडायला आले. सायकल जरा झुकली की हँडल एका बाजूला टेकून गप राहतं, कॅन चढवताना पुढचं चाक फिरत नाही. आता सरळ स्टँड कुणालाच नको होता. जो तो म्हणे, साताऱ्याचा द्या.

शेवटी अण्णांनी काकांचा स्टँड समोर ठेवून स्वतःचीच चूक कॉपी केली. मला अजून हसू येतं. त्यांना त्यानंतर कधी आलं नाही.

दिनकरनं एकदा चारचौघांत म्हणावं की स्टँड अण्णांचा, एवढंच त्यांना हवं होतं. ते ऐकायचं राहूनच गेलं.

अण्णांच्या तेराव्याला काका आले. आईनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. काका सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाले,

"स्टँड अण्णांचा. मी उचलला. डावा पाय आखूड हाय, हे तवाच दिसलं हुतं मला. पर म्हटलं, अण्णांनी केलंय म्हंजे त्यात कायतरी असणार. म्हणून तसाच ठिवला."

दाराआड आई रडत होती.

पुढे दर दिवाळीला आमचा फोन व्हायचा. तरी खरं काय ते सांगवलं नाही.

आज सांगते. काका, तो पाय चुकूनच आखूड झाला होता. त्यामागे अण्णांचा काहीच विचार नव्हता. तुम्ही अण्णांवर विश्वास ठेवलात म्हणून तो चालला.

आता अण्णा भेटतील. तेराव्याला जे बोललात, ते त्यांना तेवढं सांगा.

साताऱ्याला निघालेय. शेवटचा नमस्कार, काका.