वाफेची वेळ

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करा. मी चौथी शिकलेली. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकलं असेल.

डिंडोलीत आमच्या गल्लीत, समोरच्या ओट्यावर एक बाबा रोज पितळेचं छोटं वाफेचं इंजिन घेऊन बसत. पूर्वी ते मिलच्या बॉयलरवर होते. नाव मी कधी विचारलं नाही. इंजिनाच्या दांड्यावर एक सरकता कॅम, म्हणजे वाकडी चकती, होता. दट्ट्या ढकलायला वाफ कधी आत सोडायची ते तो ठरवतो, असं ते सांगत. रोज त्याचा स्क्रू सैल करत, कॅम केसभर फिरवत, पुन्हा आवळत. चाक अर्धा फेरा घेई आणि थांबे.

पितळ भंगारवाल्याकडून उधारीवर आणलेलं. एका रविवारी तो वजनकाटा घेऊनच आला.

“काका, आज नाही चाललं तर किलोवर नेणार हां!”

सगळी गल्ली हसली.

मी दारात मजुरीच्या साड्यांचे सुटे धागे कापत होते. शिलाई मशीनचं खालचा दोरा आणणारं शटल उशिरा आलं की टाका सुटतो, तसंच मला ते दिसत होतं. कात्री खाली ठेवून मी बोलले, “बाबा, दट्ट्या खाली निघून जातो, मग वाफ येते. जरा आधी येऊ द्या.”

“लो, आता भाभी शिकवणार!” भंगारवाला म्हणाला.

बाबांनी मान वर केली नाही. “ती रोज बघते. तुम्ही रोज हसता.”

त्यांनी कॅम पुढे सरकवला, स्क्रू आवळला, चाकाला बोट लावलं. चाक फिरलं ते थांबेचना.

“दुप्पट देतो काका, विकून टाका,” भंगारवाला म्हणाला.

“विकायचं नाही. पेन्शन येऊ दे, तुझी उधारी फेडतो.”

एक तारखेला बाबांनी मला साक्षीला बोलावलं आणि सगळ्या गल्लीसमोर भंगारवाल्याच्या हातावर पै न् पै ठेवली.