भिकाजीच्या फोनचं झाकण

तर भिकाजी हात जोडून बसलेला, आणि समोर फोनमध्ये एक बाप्या, अंगावर सूतभर कापड नाही. काल आपण इथंच थांबलो होतो, नाही का? चहा आला आणि गोष्ट राहिली. आता पुढचं ऐका. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचे चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर म्हणतील, असल्या माणसापुढे हात कसले जोडता?

भिकाजी तारकर्लीचा. एकतीस वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. एक्केचाळीस बंदरं पाहिली असं तो सांगतो आणि ते खोटं नाही, पण पाहिली कुठून, तर स्वयंपाकघराच्या गोल काचेतून. बोट धक्क्याला लागली की बाकीचे खलाशी केस विंचरून, अंगाला वास लावून गावात जायचे आणि हा मागे कांदे चिरत. परत येणारे भुकेले येणार, त्यांना वाढायला कोणी हवं ना? त्याच्या वाट्याला यायचे ते शिडी चढून माल द्यायला येणारे भाजीवाले, पाववाले. त्यांच्याकडून त्याने अकरा भाषांतला नमस्कार उचलला. नमस्कार आणि ‘कांदे कसे दिले’, बस. म्हणायचा, “जग बघलंय रे, पण माणसां बघूची रवली.”

सत्तरी लागली तेव्हा त्याच्या झिलाने, विनीतने, सुट्टीवर आला असता बापाच्या फोनात ते अ‍ॅप घालून दिलं. विनीतही आता बोटीवरच. तर त्या अ‍ॅपात बटण दाबलं की जगातला कुठलाही अनोळखी माणूस समोर येऊन बसतो. भिकाजीला वाटलं, चला, एकतीस वर्षांनी का होईना, आपल्यालाही धक्क्यावर उतरायला सांगितलं! रोज सकाळी घावणे खाऊन झाले की तो पडवीतल्या मेजावर फोन उभा करायचा, सदऱ्याची वरची गुंडी लावायचा आणि बसायचा. ब्राझीलमधल्या सांतुस बंदरातला एक म्हातारा पाववाला त्याला असाच भेटला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. भिकाजी खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, “जनेल.” पलीकडचा म्हातारा खुर्चीतून उठलाच, कारण त्याच्या घरातही ती जनेलच! मग मेज झालं, चावी झाली, पाव झाला, सगळे पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडलेले शब्द. तासभर दोघे म्हातारे आपापल्या घरातल्या वस्तूंना हात लावत फिरत होते. त्या दिवशी भिकाजी दुपारी झोपला नाही, इतका खूश.

आता हात जोडण्याचं. आपल्याकडे निरोप घेणं ही काही अशीतशी गोष्ट नाही. पाहुणा उठला म्हणजे पाव निरोप झाला. पायरीवर चपला शोधताना आणखी पाव. माडाखाली उभं राहून कोणाच्या लग्नाचं कुठवर आलं ते बोलायचं, आणि उरलेला निरोप आवाराच्या गडग्याबाहेर. शेवटी काय म्हणायचं, तर “येतंय हां.” ‘जातो’ म्हणायचं नाही. जाणारा तो एकदाच म्हणतो आणि तेव्हा त्याला तोंडाने म्हणावं लागत नाही. भिकाजी तर ह्यात पक्का. मोंबासाला एकदा तो भाजीवाल्याचा निरोप घेत शिडीवर उभा, आणि वरून खलाशांनी शिडी ओढायला घेतलेली. कप्तान वरून ओरडतोय आणि हा त्या भाजीवाल्याला मालवणीत नि खुणांनी सांगतोय, पुढच्या खेपेपर्यंत तुझ्या आईला बरं वाटू दे.

असा हा माणूस. त्या सकाळी बटण दाबलं, समोर कोणी आलं, ह्याने रीतीप्रमाणे “गुड मॉर्निंग” म्हटलं. मग नीट पाहिलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, उकडत असेल बिचाऱ्याला. मग कळलं, हे उकडण्याचं नाही. फोन बंद करायचा, दुसरं काय? पण नमस्कार होऊन गेला होता! नमस्कार झालेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं कसं? भिकाजीने डोळे मिटले, हात जोडले, आणि “बरा तर मगे, येतंय हां,” असं म्हणायला आणि सून सारिका चहा घेऊन पडवीत यायला एकच गाठ पडली.

सारिका मालवणच्या एका शाळेत शिकवते. तिने कप मेजावर ठेवला, फोन उपडा घातला आणि आत गेली. तिचं एक आहे, रागावली की ती मालवणी सोडते आणि शाळेतली मराठी बोलायला लागते. दोन दिवस घरात “बाबा, जेवण वाढलं आहे” आणि “बाबा, पाणी तापलं आहे” एवढंच. भिकाजीला ते शिव्यांहून कठीण. जन्मभर बंदरोबंदरी फिरूनही ज्याच्या चारित्र्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, तो सुनेच्या नजरेतून उतरला की काय, ह्या विचाराने त्याला माशाचं कालवणही गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी सारिका खोबरं किसत बसली होती, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“सारिका, तो मेलो माका व्हयो होतो असा वाटता काय गो तुका?”

“नाही, बाबा. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण एक सांगा. तो दिसल्यावर तुम्ही बंद का नाही केलंत?”

“करी होतंय मां. निरोप घेय होतंय.”

“कोणाचा?”

“त्याचो.”

किसणं थांबलं. “हात जोडून?”

“मगे काय टाळ्यो वाजवन?”

सारिकाने पदर तोंडाला लावला, पण हसू काही त्यात मावेना. “धन्य तुमची, बाबा!” आणि मालवणी परत आली. “अहो, तो काय तुमच्या पंगतीक बसलेलो पावणो होतो?”

भिकाजीही हसला. पण हसणं ओसरल्यावर तिने हात धुतले आणि पुन्हा शाळेतली मराठी धरली. “हसले म्हणून झालं असं नाही. माझ्या जागी तुमची नात नीरजा आली असती तर? आठवीतली पोर ती. आणि तुम्ही बसता त्याच्या मागच्या भिंतीवर तिचा गणवेशातला फोटो आहे. छातीवरचं शाळेचं नाव वाचता येतं. जे तुमच्या पाववाल्याला दिसतं ते त्या माणसालाही दिसलं. मी ते अ‍ॅप काढून टाकते.”

भिकाजीच्या मनात फोटोचं कधी आलंच नव्हतं. “काढ,” म्हणाला, “चेडवापेक्षा काय मोठा नाय.” आणि पडवीत जाऊन मेज पुसत बसला. स्वच्छच होतं ते मेज. सारिकाने ते दारातून पाहिलं आणि त्या दिवशी काही तिने अ‍ॅप काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीने माळ्यावरून बिस्किटांचा जुना डबा काढला, बोटीवरून आणलेला. त्याचं ताटाएवढं झाकण घेतलं, पत्रा कापायच्या कात्रीने खाली एक खाच पाडली, कडा कानसीने घासल्या आणि सारिकापुढे ठेवलं.

“ह्या काय, बाबा?”

“बोट बंदरात लागली काय दोर धक्क्याक बांधतत. त्या दोरावरसून उंदीर चढतत. म्हणान प्रत्येक दोराक पत्र्याची अशी ताटली घालतत. दोर रवता, पण उंदीर ताटलीपर्यंत येता आणि मागे फिरता.” त्याने झाकण फोनपुढे उभं केलं. सगळा पडदा झाकला, फक्त खालच्या खाचेतून बंद करायचं बटण दिसत होतं. “माका तो दिसूचो नाय, त्याका मी दिसूचंय नाय. आधी मी नमस्कार करतलंय. तीन मोजीपर्यंत माणसासारखो बोललो तर झाकण काढतलंय. नायतर हयसून अंगठो.”

सारिकाने झाकण उलटसुलट करून पाहिलं. मास्तरीणबाई ती, लगेच कशी पास करील? “आठ दिवस बघू,” म्हणाली. “नीरजा शाळेत असतानाच बसायचं. फोटो मी उतरवते, मागे कोरी भिंत. गाव सांगायचं नाही, नंबर द्यायचा नाही. तसला कोणी आलाच तर बंद करून तक्रारीचं बटण दाबायचं, ते मी दाखवते. आणि निरोप घ्यायचा नाही. आठ दिवसांत एकदा जरी तुम्ही हात जोडून बसलेले दिसलात, तर अ‍ॅप गेलं.”

बाकी सगळं भिकाजीने मान्य केलं. गाव न सांगणं कठीण, कारण “खंयचे तुमी?” ह्याशिवाय आपल्याकडे बोलणं सुरू होत नाही. पण तो “दर्यावरचो” म्हणून वेळ मारून नेऊ लागला. निरोपाचं मात्र त्याच्या घशात अडकलं. पहिल्या दिवशी एकजण तीन मोजले तरी बोलला नाही, आणि अंगठा दाबल्यावर भिकाजी दुपारभर घोकत राहिला, मुका असलो तर बिचारो?

तिसऱ्या दिवशी शेजारचा सत्यवान गडग्यावरून डोकावला. बघतो तर हा डब्याच्या झाकणाला पोर्तुगीजमध्ये राम राम करतोय.

“भिकाजी, पिसो झालंस काय रे? झाकणाक नमस्कार?”

“तुझ्या थोबाडापेक्षा झाकण बरा. सर, उजेड अडवू नको.”

सातवा दिवस. शाळेला सुट्टी, नीरजा कुडाळला मावशीकडे गेलेली, सारिका आत तांदूळ निवडत होती. भिकाजीने बटण दाबलं. झाकणामागून आवाज आला, “गुड मॉर्निंग, सर. हाऊ आर यू?” आवाज इतका मऊ, इतका अदबीचा, की भिकाजीला त्या मोंबासाच्या भाजीवाल्याची आठवण झाली. त्याने झाकणाला हात घातला.

पण हात स्वयंपाक्याचा होता, मंडळी. उकळत्या टोपावरचं झाकण स्वयंपाकी कधी सरळ उचलत नाही. आपल्याकडची कड खाली ठेवतो, पलीकडची किंचित वर करतो, म्हणजे वाफ तिकडे जाते. एकतीस वर्षांची सवय, भिकाजीने ते तसंच उचललं, खालची कड मेजावरच, वरून बोटभर. कपाळ दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. जे दिसू लागलं ते पुरतं दिसायच्या आत झाकण परत पडद्याला टेकलं आणि अंगठा खाचेत गेला. झाकण मेजावरून घसरून जमिनीवर खणकन पडलं, तेव्हा फोनचा पडदा केव्हाच काळा झालेला होता.

सारिका सूप टाकून धावत आली. भिकाजी बसलेला, हात मांडीवर, कपाळाला घाम. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कारण तिने काही पाहिलं नव्हतं. पण तो म्हणाला, “इलो होतो एक. ग्वाड बोलान इलो. तक्रारीचा बटण खंय ता दाखव.”

तिने दाखवलं, त्याने दाबलं. मग तिने जमिनीवरचं झाकण उचललं, पदराने पुसलं आणि होतं तसं फोनपुढे उभं केलं. आठवा दिवस उगवायची वाट तिने पाहिली नाही. जाता जाता मात्र थांबली आणि मालवणीत म्हणाली, “बाबा, खरा सांगा. एवढो गुड मॉर्निंग म्हणणारो माणूस, त्याचो निरोप न घेताच तोडलास?”

“घेतलंय तर! पण आधी तोडलंय, मगे घेतलंय. आणि ‘येतंय’ नाय हां म्हटलंय. सत्तर वर्सांत पयल्यांदाच कोणाक तरी ‘जातंय’ म्हटलंय गो!”