कॅझ व्रोबेलचा ‘कोणीही’

ड्रेजर्स या गावच्या बेसबॉल संघाच्या मैदानात, डावीकडच्या भिंतीमागे एक लांबट पत्र्याची खोली होती. तिच्या झरोक्यांतून धावांच्या पाट्या अडकवण्यात कॅझ व्रोबेलची एकतीस वर्षं गेली. सरोवराकडून वारा आला तर ठीक, नाहीतर जुलैत माणूस भाजून निघायचा. तिथे दुसरा कोणी असता तर बिअर पीत बसला असता. कॅझ गणितं करायचा.

पैसे ओतून न्यूयॉर्कवाले जिंकतात, त्यात कसलं आलंय कौतुक? एक विजय केवढ्याला पडला, ते सांगा! पण नुसता भागाकार त्याला पटेना. नाव ना गाव असे, किमान पगारावरचे गडी उभे केले तरी हंगामातल्या एकशे बासष्टपैकी पन्नासेक सामने चुकूनमाकून जिंकले जातातच. मग त्याने ते विजय वजा केले, त्या गड्यांचा पगारही वजा केला आणि उरलेल्या पैशांना उरलेल्या विजयांनी भागलं. वजा केलेल्या गड्याला त्याने नाव दिलं, ‘कोणीही’.

दर ऑक्टोबरात गावचं वर्तमानपत्र भोपळ्यांच्या स्पर्धेच्या निकालाखाली त्याचा तक्ता छापायचं. ड्रेजर्स सत्तर सामने जिंकून गुणतक्त्यात तळाला असायचे, पण कॅझच्या तक्त्यात पहिल्या तिनांत. आपण हरतो, पण स्वस्तात हरतो, एवढंच गावाला समाधान.

पुढे पुढे त्याला या मापाचं वेडच लागलं. प्लंबर असो की चर्चचा पाद्री, हा विचारणार, “‘कोणीही’पेक्षा किती जास्त, ते बोला!” एकदा लोरेटाने, म्हणजे त्याच्या बायकोने विचारलं, “आणि माझ्या जागी कोणीही आली असती तर रे?”

“तुझे पिरोगी वजा केले तर...” कॅझने प्रामाणिकपणे हिशोब सुरू केला. पुढचे तीन दिवस तो सोफ्यावर झोपला, आणि त्या घरात तीन दिवस पिरोगी, म्हणजे त्या उकडलेल्या पोलिश करंज्या, शिजले नाहीत.

मग संघ विकला गेला आणि प्रेस्कॉट नावाचा तरुण व्यवस्थापक आला. त्याने कॅझला बोलावून घेतलं.

“कॅझ, तुमचा तक्ता मी भिंतीवर लावलाय. काय डोकं आहे हो तुमचं!”

कॅझची छाती फुगली.

“आता हेच माप कर्मचाऱ्यांना लावणार आहोत.”

फुगलेली छाती जागच्या जागी बसली. नोकरी जाण्यात पहिला नंबर लागला तो सामन्यांत प्रेक्षकांसाठी ऑर्गन वाजवणाऱ्या हॉर्टेन्सबाईंचा. बावीस वर्षांत त्यांच्या ऑर्गनने एकही सामना जिंकून दिला नव्हता. तसा कॅझच्या पाट्यांनी तरी कुठे दिला होता? त्याच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती, गुडघा गेलेला, या वयात दुसरी नोकरी कोण देणार? आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या आकड्यांची भीती वाटली.

पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावणं आलं. कॅझ घोटून तयारी करून गेला. एकतीस वर्षांत चुकीची पाटी फक्त एकदा लागली होती, तीही गांधीलमाशी चावली म्हणून.

“बसा, बसा,” प्रेस्कॉट हसला. “तुमची नोकरी राहतेय.”

कॅझच्या डोळ्यांत पाणीच आलं. “माझं काम पाहिलंत ना तुम्ही?”

“काम? नाही हो. विजेचा फलक महाग पडतो. माणूस शोधला, तर तुमच्या पगारात त्या पत्र्याखाली बसायला अख्ख्या गावात कोणी तयार नाही. तुमच्याहून स्वस्त माणूसच नाही, कॅझ! म्हणून आम्ही सगळ्यांना तुमच्यापासून मोजतोय.”

त्याने अभिमानाने कागद पुढे सरकवला. तळाच्या ओळीत कॅझचा पगार होता, डॉलर आणि सेंटसकट. नावाच्या जागी लिहिलं होतं, ‘कोणीही’.

घरी लोरेटा दारातच उभी होती. “राहिली का नोकरी?”

“राहिली.”

“मग तोंड का असं पाडलंयस?”

त्याने सगळं सांगितलं. लोरेटा इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसत तिने गरम पिरोगींची बशी त्याच्यापुढे सरकवली.

“खा आता मुकाट्याने,” ती म्हणाली, “आणि वजा काही करू नकोस.”