बायकांच्या हातची कलमं

लग्न होऊन मी दिंडोरीजवळच्या गावात आले तेव्हा ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. माहेर नाशिकला पंचवटीत, वडील पोस्टात. माझं डी.एड. झालं होतं आणि आज ना उद्या शहरातल्या एखाद्या शाळेत नोकरी लागेल, असं मी धरून चालले होते. सासरी द्राक्षाची बाग, सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची एक मुलगी. जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. त्या माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या.

घराच्या मागे, गोठ्याला लागून, हिरव्या जाळीखाली मातीनं भरलेल्या काळ्या पिशव्यांच्या रांगा होत्या. ती अक्कांची रोपवाटिका. रोपं न्यायला आलेले लोक दारात उभे राहून विचारायचे, "दादा आहेत का?" दादा म्हणजे माझे थोरले दीर. ते म्हणायचे, "मला त्यातलं काही कळत नाही. तिला विचारा." आणि बागेकडे निघून जायचे. त्यांनी अक्कांच्या कामाला केलेली सर्वांत मोठी मदत हीच असावी.

हे सगळं सुरू कसं झालं, ते मला सासूबाईंनी सांगितलं. त्या भागातल्या जुन्या बागा मोडकळीला आल्या होत्या. बोअरचं पाणी खारट होत चाललं होतं, वेली वाळत होत्या. शेतीखात्याचे एक साहेब आमच्या बांधावर पंधरा-वीस बागायतदारांना समजावून सांगत होते, की जंगली जातीच्या द्राक्षाची रोपं लावा, ती कमी पाण्यात आणि खाऱ्या जमिनीत तग धरतात. मग त्यांच्यावर आपल्या चांगल्या जातीचं कलम करा. अक्का चहा घेऊन गेल्या होत्या. चहा झाला, माणसं पांगली. साहेबांनी दाखवायला आणलेल्या काड्या बांधावरच पडून होत्या. अक्कांनी त्या पदरात गोळा करून आणल्या आणि मोरीचं पाणी जातं तिथे खोचल्या. पुढच्या वर्षी त्या काड्यांच्या शंभर काड्या झाल्या. मी आले तोवर आसपासच्या गावांतले लोक रोपांसाठी आमच्याकडे यायला लागले होते.

रोपं बायकोमाणसानं विकली, इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. कलमाचं तसं नव्हतं. कलमं करणाऱ्या टोळ्या बाहेरून यायच्या आणि त्यांत सगळे पुरुष. ऑगस्ट-सप्टेंबरात महिना-दीड महिनाच ते काम चालतं. एका वर्षी आमच्याकडे ठरलेली टोळी आलीच नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या मोठ्या बागेवर गेली. अक्कांची रोपं घेतलेले चार-पाच शेतकरी खोळंबले आणि अक्कांना बोल लावू लागले.

तेव्हा अक्कांनी ठरवलं, की पुढच्या हंगामाला टोळी आपणच उभी करायची. आधी स्वतः शिकल्या. कुठून तरी कलमाचा चाकू मिळवला आणि रोज दुपारी ओट्यावर बसून रोपवाटिकेतल्या टाकाऊ काड्यांवर हात बसवायचा प्रयत्न करायच्या. खालच्या काडीला मधोमध चीर द्यायची, वरच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासायचं, ते त्या चिरेत बसवायचं आणि वरून पट्टी गुंडाळायची. निदान एका बाजूला तरी सालीला साल भिडली पाहिजे. तेवढं साधलं तर कलम जगतं. त्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असायची. एकदा मी म्हटलं, "अक्का, पुरे आता. हात पिकेल."

त्या म्हणाल्या, "माझं मला जमत नसेल तर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं शिकवू?"

शिकवायचं कुणाला, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दर हिवाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून बायका आमच्या बागेत घडांच्या विरळणीला यायच्या. त्यांचा हात चपळ आणि हलका. शिवाय आषाढात भाताची लावणी उरकली, की कापणीपर्यंत त्यांना घरी फारसं काम नसायचं, आणि कलमांचा हंगाम नेमका त्याच दिवसांतला. पुढच्या वर्षी लावणी उरकल्यावर अक्का दादांना घेऊन एसटीनं पेठकडच्या एका पाड्यावर गेल्या आणि सात बायका घेऊन आल्या. त्यांतली एक पंचविशीची, सडपातळ, कमी बोलणारी होती. पुढे तीच टोळीची मुकादमीण झाली. पहिल्या दिवशी चाकू हातात घेऊन ती म्हणाली, "आमाला जमंल का नाय, मी काय सांगत नाय."

अक्का म्हणाल्या, "नाही जमलं तर परत कर. काड्या काही पळून जात नाहीत."

दहा-बारा दिवसांत मुकादमिणीचा हात अक्कांच्या पुढे गेला. पण काम द्यायला कुणी तयार होईना. "बायकांच्या हातची कलमं? एक वर्ष वाया घालवायचं का?" असं लोक तोंडावर म्हणायचे. शेवटी पलीकडच्या गावचा एक बागायतदार तयार झाला, कारण त्याला त्या वर्षी टोळी मिळालेली नव्हती.

त्याच्या दोन एकरांवर कलमं झाली. बारा-पंधरा दिवसांत कोंब फुटायला हवेत. तिसरा आठवडा लागला तरी निम्म्या वेली तशाच. तो बागायतदार आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि सासऱ्यांना म्हणाला, "तुमच्या सुनेच्या भरवशावर राहिलो, ही माझी चूक." तो गेल्यावर सासरे अक्कांकडे न बघता म्हणाले, "हे आता बंद करा." सातांतल्या दोन बायका घाबरून त्याच दिवशी पाड्यावर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का उरलेल्या पाच जणींना घेऊन त्या बागेत गेल्या. मीही गेले, कारण घरात सगळे गप्प होते आणि मला तिथे थांबायचं नव्हतं. त्यांनी मेलेल्या कलमांच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या. चीर बरोबर होती, पाचर बरोबर बसली होती. वरची काडी मात्र आतून काळी पडलेली. वरच्या काड्या बागायतदाराच्या माणसांनी कापून आणल्या होत्या. मुकादमीण म्हणाली, "त्या दिशी काड्या ट्रॉलीत पडल्या व्हत्या. उन्हात. मी बगितलं, पन बोलले नाय."

"का नाही बोललीस?" अक्कांनी विचारलं.

"आमचं कोन ऐकतंय?"

अक्कांनी एक काळी काडी पदराच्या टोकाला बांधली. मग बागायतदाराच्या घरी जाऊन एवढंच म्हणाल्या, "काड्या यावेळी मी आणते. जिथे फुटल्या नाहीत तिथे परत करून देते." उन्हाचा, ट्रॉलीचा विषयही काढला नाही.

परत येताना मी विचारलं, "खरं काय ते सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तो म्हणाला असता, बाया निमित्त शोधतात." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "या बायांना मात्र नीट सांगायला पाहिजे. हात त्यांचा चुकलेला नाही."

घरी आल्यावर त्यांनी पाचही जणींना समोर बसवून काळी पडलेली काडी दाखवली आणि तसं स्पष्ट सांगितलं. यापुढे काडी खराब दिसली तर काम थांबवायचं आणि मालक कुणीही असो, बोलायचं, असंही बजावलं. दुसऱ्या वेळची कलमं फुटली. त्या बागायतदारानं कधी चार लोकांत कौतुक केलं नाही, पण पुढच्या हंगामात त्याच्या मेव्हण्यानं बोलावलं, मग मेव्हण्याच्या शेजाऱ्यानं. सासऱ्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. दोन-तीन वर्षांत टोळीत पंचवीस बायका झाल्या.

बायकांबरोबर पोरं आली. सकाळी बायका कामावर गेल्या, की आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा-तेरा पोरं मातीत बसलेली असायची. एक दिवस अक्का मला म्हणाल्या, "तू डी.एड. झालीस ना? मग यांना घेऊन बस की."

मी नाही म्हणू शकले नाही, पण मला ते आवडलं नव्हतं. नाशिकच्या शाळेत टेबलाशी बसायची स्वप्नं बघणारी मी, शेडमध्ये शेंबडी पोरं सांभाळत होते. त्यांची बोली मला निम्मी कळायची, माझी त्यांना त्याहून कमी. मी पाट्या मागितल्या, त्या अक्कांनी दुसऱ्या दिवशी आणून दिल्या. खडू मागितले, तेही आणले. चार हंगाम मी ते केलं. त्यांतली काही पोरं पुढे आश्रमशाळेत गेली, असं ऐकलं. लोक त्याचं श्रेय मला देतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं, कारण मी ते मनापासून केलेलं नव्हतं.

माझा मुलगा शाळेच्या वयाचा झाला तेव्हा मी नवऱ्यामागे लागले. वेगळं व्हायचं, नाशिकला राहायचं. तो महिनाभर टाळत राहिला. शेवटी एका दुपारी जेवताना त्यानं विषय काढला. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. अक्का वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे कुठून आलं, ते त्यांना कळलं असणार.

"कधी जायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"जूनच्या आत," नवरा म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्याला भाकरी वाढली.

गंगापूर रोडला आम्ही दोन खोल्या घेतल्या. सामानाच्या टेम्पोत अक्का पुढे बसून आल्या. त्यांनी फरशी धुतली, शेगडी जोडून दिली, कांदे-लसूण टांगायला खिळा ठोकला. जाताना म्हणाल्या, "नोकरी बघ. घरात नुसती बसू नकोस." मला खूप मोकळं वाटलं. अपराधी वाटायला बरीच वर्षं जावी लागली, आणि तेही थोडंसंच वाटलं.

मला शाळेत नोकरी लागली. रविवारी आम्ही गावाकडे जायचो. पुढे सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. अक्कांनी त्यांची खाट उचलून रोपवाटिकेच्या जाळीजवळ ठेवली. कामाच्या मधून मधून त्यांना कुशीवर वळवायच्या, पेज भरवायच्या. सासूबाईंचं बोलणं अडखळत असे, तरी पिशव्या भरणाऱ्या बायकांना त्या तिथून सूचना करत. असं दोन वर्षं चाललं. त्याच काळात अक्कांनी मुलीला शेतीच्या कॉलेजात घातलं. तिला वसतिगृहावर सोडायला जाणं मात्र त्यांना जमलं नाही, दादा गेले. मुलीनं ती गोष्ट मनात ठेवली. माझ्याशी ती एकदा बोलली होती. आईशी बोलली की नाही, मला माहीत नाही.

दोन हजार सात-आठच्या सुमाराला मुकादमीण वेगळी टोळी करायचं म्हणू लागली. मी त्या रविवारी तिथेच होते. ती दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "आक्का, मी माजी टोळी करंन म्हन्ते. तुमी नाय म्हनलं तर नाय करनार."

अक्का म्हणाल्या, "सांगते." आणि दोन दिवस काहीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "राग आला होता. खोटं कशाला बोलू? पण माझे गुडघे आता बांधांवरून फिरू देत नाहीत. आणि हात तिचाच चांगला आहे." त्यांनी मुकादमिणीला बोलावून घेतलं आणि ओळखीच्या सगळ्या बागायतदारांना स्वतः फोन केले. रोपं आमच्याकडून, कलमं तिच्याकडून, असं ठरलं.

त्यानंतरच्या हंगामात कळवणकडच्या एका बागेत तिचं काम चालू होतं. अक्कांना ते बघायचं होतं, म्हणून मी आणि दादा त्यांना जीपमधून घेऊन गेलो. चाळीसेक बायका रांगांमध्ये वाकून काम करत होत्या, बऱ्याचशा नवीन मुली. मुकादमिणीनं गोणपाट अंथरून अक्कांना बसवलं, चहा मागवला. अक्का पाच मिनिटंही बसल्या नाहीत. उठून एका मुलीच्या हातातला चाकू घेतला आणि एक कलम केलं. वेळ लागला, पण केलं. मग गोणपाटावर परत आल्या.

मुकादमीण त्या वेलीपाशी गेली, पट्टी सोडून बघितली, पाचर काढली आणि मुलीला खुणेनं परत करायला सांगितलं. तिला वाटलं, आमचं लक्ष नाही.

जीपमध्ये बसल्यावर अक्का म्हणाल्या, "साल भिडली नव्हती माझी. मला तेव्हाच कळलं होतं." आणि दादांना म्हणाल्या, घरी जाताना वाटेत कुठे चांगली मेथी दिसली तर थांबवा.