गार्डेरोब, वॉर्डरोब आणि माझी अलमारी

बाळांनो, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे धुरळा आणि उघड्या विटा दिसल्या, तेव्हा तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, घर पडलं का?" तुमची मामी शेजारी उभी होती, म्हणून मी नंतर सांगते म्हणाले. आता काम संपलं आहे, सुतार गेला आहे आणि मामी माहेरी पाथरीला गेली आहे. सांगायला याहून बरी वेळ मिळणार नाही.

सेलूच्या घरातल्या माझ्या खोलीत भिंतीत बसवलेली सागवानी दारांची अलमारी तुम्ही पाहिली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात सगळं सगळ्यांचं होतं, म्हणजे सासूबाईंचं होतं. शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते ही अलमारी करून घेण्याचं. तिच्यात साड्या आहेत, माझी प्रमाणपत्रं आहेत, आजोबांचं घड्याळ आहे आणि काजूचा एक डबा आहे, जो कुणाला माहीत नाही असं मी समजते. एवढ्या मोठ्या घरात किल्ली माझ्याकडे असलेली ती एकच जागा.

मामी दोन वर्षं पुण्याला राहून आली, तेव्हापासून तिला अलमारी या शब्दाचाही त्रास होतो. "आई, अलमारी काय म्हणता? वॉर्डरोब म्हणा." नुसतं म्हणून भागलं असतं तर मी म्हटलंही असतं. पण तिने परभणीहून एक इंटिरिअरवाला बोलावला. त्याने टॅबवर चित्र दाखवलं: अलमारी फोडून तिथे वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना सरकत्या दारांचं वॉर्डरोब आणि शेवटी माझ्या गुडघ्यांच्या सोयीसाठी कमोड. म्हणजे सकाळी उठून साड्यांच्या रांगेतून संडासला जायचं.

"कुलूप कुठे आहे?" मी विचारलं.

"कुलूप नसतं मॅडम याला. सॉफ्ट क्लोज असतं."

त्या दिवशी मी शब्दकोश काढून बसले. तुमच्यापैकी धाकट्याने एकदा सांगितलं होतं की तुमच्या तिकडे जर्मनीत नाटकाला गेलं की कोट गार्डेरोबमध्ये द्यावा लागतो. मामीचं वॉर्डरोब आणि तुमचं गार्डेरोब ही सख्खी भावंडं निघाली. जुन्या जर्मन लोकांचा राखण करणे या अर्थाचा एक शब्द फ्रेंचांनी उचलला. फ्रान्सच्या उत्तरेकडे तो 'व' ने म्हणत, बाकीकडे 'ग' ने. उत्तरेकडचा इंग्लंडला गेला. दुसरा फ्रान्समध्ये वाढला आणि फिरून जर्मनांच्याच घरी पाहुणा म्हणून आला. त्यांनीही त्याला परदेशी समजून मान दिला. उरलेला अर्धा 'रोब' तर आणखी गमतीचा. त्याचं मूळ म्हणजे लूट. हरलेल्याच्या अंगावरून ओरबाडलेले कपडे, म्हणून रोब म्हणजे कपडे. इंग्रजीतला लुटणे या अर्थाचा 'रॉब' त्याच घरातला. तेव्हा वॉर्डरोब म्हणजे लुटीची राखण. इंग्लंडच्या राजाकडे या नावाचं खातंच होतं, जडजवाहीर सांभाळणारं. ते सॉफ्ट क्लोजवर चालत असेल असं वाटत नाही.

आणि शेवटचा अर्थ वाचून मी शब्दकोश मिटला. जुन्या किल्ल्यांत गार्डेरोब म्हणजे संडास. वासाने कपड्यांना कसर लागत नाही म्हणून कपडे तिथेच टांगत, असं सांगतात. जुन्या फ्रेंचमध्ये गार्डेरोबला जाणे म्हणजे काय, ते वेगळं सांगत नाही.

हे मी मामीला एकटीला सांगितलं असतं तर तिने "हो का" म्हणून सोडून दिलं असतं. म्हणून विहीणबाई पाथरीहून येईपर्यंत थांबले आणि चहा सगळ्यांच्या हातात गेल्यावर सांगितलं.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे ताई, लुगडी संडासात ठेवायचे?"

"राजे लोक ठेवायचे."

"राजे लोकायचं काय वो, त्यायला धुवायला बाया असतील." मग लेकीकडे वळून, "अन् तू हौसेनं तेच करायलीस?"

मामा म्हणाला, "आई, हे कधीच्या काळचं काढलंस तू?" मामीने उठून इंटिरिअरवाल्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी चित्र बदललं. कमोडची वाट दुसऱ्या भिंतीतून काढली (तुम्ही पाहिलेल्या विटा त्या भिंतीच्या) आणि वॉर्डरोब समोरच्या भिंतीला गेलं. अलमारीला कुणी हात लावला नाही. कमोड मात्र उत्तम आहे. तेवढं कबूल करते.

वॉर्डरोब आठवडाभरात भरलं. त्यात मामाचा लग्नातला सूट आहे, ज्याचं बटण आता लागत नाही. मिक्सरचं रिकामं खोकं आहे, पाहुण्यांच्या गाद्या आहेत. दिवसभर कुणीतरी येतं, दार सरकवतं, काहीतरी उपसतं आणि जातं. दार आवाज न करता बंद होतं, हा त्याचा एकमेव गुण.

परवा दुपारी मामी माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. पदराआड एक कापडी पिशवी होती.

"आई, तुमच्या तिथे एखादा खण रिकामा आहे का?"

"माझ्या कुठे?"

"तिथे, आत."

"वॉर्डरोब एवढं मोठं आहे की."

"त्यात सगळेच हात घालतात."

"मग आत म्हणजे नेमकं कुठे म्हणालीस?"

चिडली की तिचं पुणं गळून पडतं. "अलमारीत. द्यायलात का न्हाई?"

मी सर्वांत खालचा खण रिकामा करून दिला. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. संध्याकाळी स्टेशन रोडला जाऊन किल्लीची जोड करून आणली आणि तिच्या हातात ठेवली. ती पदराच्या टोकाला बांधत ती म्हणाली, "काजूचा डबा वरच्या खणात सरकवा, मुंग्या होतील."

अलमारी जागेवर आहे. तिला कुलूप लागतं. एक किल्ली माझ्याकडे आहे, एक तुमच्या मामीकडे.